बापाची परीक्षा घेणाऱ्या मिराशीबाई

नाहूरच्या मिराशीबाईंच्या शाळेत मूल कधी नापास होत नाही. बाप होतात. आयाही होतात, पण कमी. मी एकटा तीनदा झालो, आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की परबने लपवून ठेवलं.

परीक्षा अशी. गुरुवारी दुपारी तीन वाजता मुलाला आणि आईबापाला बोलावतात. ऑफिस नाही, टेबल नाही, चटईवर बसवतात. मग बाई मुलाला विचारतात, "तुला काय छान येतं?" मूल काहीतरी सांगतं. "मग ते बाबांना शिकव." झालं. मूल शिकवणार, बापाने शिकायचं, आणि बाई भिंतीला टेकून बघत बसणार. बापाने मध्ये बोलायचं नाही, चूक काढायची नाही, मुलाच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची नाही. शेवटी त्याला ते आलं नाही तरी चालतं. फक्त तो शिकताना दिसला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

माझं भांडुपला हार्डवेअरचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत गटांगळ्या खात होतो. शाळा सोडली आणि फुटपाथवर कुलपं विकायला बसलो. तिथून दुकानापर्यंत जो आलो तो तोंडाच्या जोरावर. बिजागऱ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत ते किती ताणणार हे मला कळतं. घासाघीस करणं हा माझा नुसता धंदा नाही, स्वभाव आहे. डॉक्टरने पाच दिवस गोळ्या घ्यायला सांगितल्या की माझ्या तोंडून निघतंच, "तीन दिवसांत नाही होणार का?"

माझी मुलगी सायली तेव्हा आठ वर्षांची होती. पोरगी हुशार, पण अक्षरं तिच्यासमोर एका जागी उभी राहत नाहीत. 'क' वाचता वाचता त्याचा 'फ' होतो, ओळ मध्येच खालच्या ओळीत घसरते. मुलुंडच्या एका नावाजलेल्या शाळेने आम्हाला बोलावून सांगितलं, "मुलगी गोड आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय येतं ते मला धंद्यामुळे पाठ झालं आहे. दुसऱ्या शाळेने तिला काढली नाही, शेवटच्या बाकावर वर्षभर चित्रं काढत बसवली. मग सायलीच्या पोटात दुखायला लागलं. रोज सकाळी सात वाजता दुखायचं. रविवारी दुखायचं नाही.

माझ्या बायकोला, रेश्माला, कोणीतरी मिराशीबाईंची शाळा सांगितली. ज्याला जसं समजतं तसं शिकवतात म्हणे. जागा मोजक्या. जून तोंडावर आलेला. इथे नाही झालं तर पोरीला घरी बसवायची, एवढंच उरलं होतं.

तर पहिला गुरुवार.

मिराशीबाई सत्तरीच्या. काडीसारखी अंगकाठी, सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. घड्याळ बांधतात, पण तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "समोरच्याला वेळ दिसली की तो घाई करतो." आणि त्यांचं एक वाक्य तर शाळेतल्या भिंतींनाही पाठ आहे : "बरं, आता दुसऱ्या तऱ्हेने सांगा." मुलांनाच नव्हे, कोणालाही. कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला, भेंडी ताजी आहे, तर यांचं, "दुसऱ्या तऱ्हेने सांगा." आता तो बाई दिसल्या की काही बोलतच नाही. भेंडीचं शेपूट कट्‌कन मोडून दाखवतो.

"तुला काय छान येतं?" बाईंनी सायलीला विचारलं.

"वळेसर," सायली म्हणाली.

वळेसर म्हणजे अबोलीचा गजरा. आमच्या कोकणात सुई न लावता, केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळलेल्या सालीच्या, दोऱ्याने नुसता वेढे देत गुंफतात. माझ्या आईने खिडकीतल्या कुंड्यांत अबोली लावली आहे, सायली तिच्याकडून शिकली. पिशवीतून तिने फुलं काढली, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि मास्तरणीसारखी बसली.

"बाबा, दोन देठ इकडे, दोन देठ तिकडे. मग वेढा. मग ओढायचं. मग परत दोन इकडे."

"चार-चार घेतली तर?" मी म्हणालो. "लवकर होईल ना."

"चार घेतली की गळतात."

"बरं, तीन घे. तुझं नको, माझं नको."

मला शपथेवर सांगायला लावा, मी काय बोललो ते मला कळलंही नाही. बाई भिंतीपासून उठल्या, सायलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "मुलगी पास. बाबा नापास. पुढच्या गुरुवारी या."

"अहो बाई, मी काय वाईट बोललो?"

"वाईट नाही बोललात. सौदा केलात."

मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. रेश्मा म्हणाली, "अहो, तोंड जरा बंद ठेवायचं ना."

"तू का नाही बसलीस मग?"

"मी बसणारच होते. तुम्हीच म्हणालात, मी बघतो, तू गप्प राहा."

सोमवारी मी एकटाच शाळेत गेलो. पैसे द्यायला नव्हे. तसला माणूस मी नाही, आणि त्या तसल्या बाई नाहीत, एवढं मला कळलं होतं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या खिडक्यांच्या कड्या सगळ्या ढिल्या झाल्या आहेत. मुलांचे हात अडकतील. मी बसवून देतो. आपण आपसात समजून घेऊ."

"कड्या जरूर बसवा," बाई म्हणाल्या. "बिल द्या. आणि गुरुवारी या."

कड्या मी स्वतः बसवल्या. माणूस पाठवला असता, पण ही बाई चालते कशावर ते मला बघायचं होतं. दोन दुपारी मी स्क्रू पिळत होतो आणि सुलभामावशी मला शाळेचा इतिहास सांगत होत्या. सुलभामावशी पहिल्या दिवसापासून शाळेत आहेत. झाडू त्यांचा, चाव्या त्यांच्या आणि इतिहासही त्यांचाच.

मिराशीबाई आधी एका मोठ्या शाळेत गणित शिकवायच्या. कडक म्हणून नाव होतं. एके वर्षी त्या शाळेने दोन मुलांना दाखला हातात दिला आणि बाईंनी तिथेच राजीनामा दिला. ती दोन मुलं मुलुंडला त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागली. तीच शाळा. एकाला पाढे तोंडाने येत नसत, ठोक्यावर येत. तो लाटण्याने ओटा बडवत तेरापर्यंत गेला. चौदाच्या पाढ्याला सोसायटीने मीटिंग बोलावली.

"मीटिंगमध्ये बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाल्या, तुमच्यापैकी चौदाचा पाढा कोणाला येतो ते हात वर करा. एकही हात वर आला नाही. मग म्हणाल्या, या पोराला उद्या येईल, उद्यापर्यंत थांबा."

सोसायटी एक दिवस थांबली. मग शाळा खाली पार्किंगमध्ये गेली. दोन खांबांच्या मधे पहिली, पुढच्या दोन खांबांच्या मधे दुसरी. एखाद्याची गाडी लवकर घरी आली की दुसरीचा वर्ग उठून पहिलीत जायचा. "त्यामुळे आमच्या पहिलीच्या पोरांना दुसरीचं सगळं यायचं," सुलभामावशी म्हणाल्या.

तिथून शाळा भांडुपला एका मंगल कार्यालयाच्या माळ्यावर. मुहूर्ताच्या दिवशी खाली सनई, वर शाळा. बाईंनी कार्यालयवाल्याशी बोलून पोरांना पंगतीत वाढायला लावलं. इतकी माणसं, इतक्या जिलब्या, प्रत्येकाच्या पानात किती? बुंदीचे लाडू कमी पडले तर अर्धे किती करायचे? "त्या वर्षी एकाही पोराचा भागाकार कच्चा राहिला नाही. दोन नवरदेव मात्र चिडले."

आणि शेवटी ही नाहूरची जागा. बंद पडलेला छत्र्यांचा कारखाना. भिंतींना अजून लांबलांब आकडे आहेत, पूर्वी त्यांना छत्र्यांचे सांगाडे टांगायचे, आता दप्तरं टांगतात. वर्ग म्हणजे एक खोली, असा हिशेब इथे नाही. एक मुलगी झोपाळ्यावर बसून कविता पाठ करते. एक मुलगा टेबलाखाली बसल्याशिवाय लिहीत नाही, म्हणून टेबलाखाली दिवा लावला आहे. जिन्याच्या पायऱ्यांवर आकडे रंगवले आहेत. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. "वर्ग कुठे आहेत?" त्यांनी विचारलं आणि घाईघाईत दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले. वरून एक चिमुरडी ओरडली, "बाई, काका दोनचा पाढा चढले!" साहेब थांबले. परत खाली उतरले. मग म्हणे तीन-तीन टाकत चढून पाहिलं. शेरा चांगला लिहिला.

खोटं कशाला बोलू, मला ऐकून गंमत वाटली. पण राग वेगळा आणि गंमत वेगळी. टेबलाखाली बसणाऱ्या पोराला दिवा लावणारी बाई एका शिकायला आलेल्या बापाला दुसरी तऱ्हा देत नाही, हे मला पटेना.

दुसरा गुरुवार. मी तोंड बंद ठेवून बसलो. सायली शिकवत होती, मी वेढे देत होतो, सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नाक्यावरच्या बिल्डरचा. उचलला नसता तर गिऱ्हाईक गेलं असतं. मी एका कानाला फोन लावला आणि दुसऱ्या हाताने सायलीच्या हातातला दोरा घेतला. "दे इकडे, मी करतो तेवढं." फोन संपवून वर बघतो तर बाई उभ्या.

"हातातला दोरा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

मी दोऱ्याकडे पाहिलं. "पुढच्या गुरुवारी," मीच म्हणालो.

तिसऱ्या गुरुवारी मात्र मी डोकं लावलं. ज्याच्यात हरतो त्याची आधी माहिती काढायची, हा माझा नियम. चार दिवस दुकानातून लवकर आलो आणि सायली खाली खेळायला गेली की आईसमोर बसून वळेसर शिकलो. आईने हातावर चापट्या मारून शिकवलं. "अरे मेल्या, फुलां आसत ती, खिळे न्हयत!" चौथ्या दिवशी मला टीचभर वळेसर आला. आई म्हणाली, "आता बायलेक माळ." रेश्माने माळला पण नाही, हसतच राहिली.

गुरुवारी चटईवर बसलो. सायलीने फुलं मांडली, दोरा अंगठ्याला अडकवला, "दोन देठ इकडे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर मी दोन देठ इकडे, दोन तिकडे, वेढा, ओढ, वेढा, ओढ. एका दमात वीतभर गुंफून बाईंच्या समोर धरला. एक फूल गळलं नाही. मला वाटलं, आता ही बाई काय बोलते बघू.

बाईंनी तो गजरा पाहिलाच नाही. त्या सायलीकडे बघत होत्या. मीही पाहिलं. सायलीने पायाच्या अंगठ्याचा दोरा सोडवला होता आणि उरलेली फुलं एकेक करून पिशवीत भरत होती. सगळी फुलं भरून झाल्यावर तिने पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि मांडीवर घेऊन बसली. सकाळी सातला पोटात दुखताना बसते तशी.

"नापास," बाई हळू म्हणाल्या.

मग मात्र माझा तोल गेला. "तुम्ही शाळा चालवता की कोर्ट? मी शिकलो ना! माझ्या धंद्याचा वेळ मोडून शिकलो! इथे टेबलाखाली बसणाऱ्याला दिवा लावता आणि मला तीन-तीनदा परत पाठवता? तुम्हाला पोरगी घ्यायची नसेल तर तसं तोंडावर सांगा!"

"मुलगी पहिल्याच दिवशी घेतली," बाई म्हणाल्या. "तिला घरून शाळेत पाठवणारा माणूस अजून तयार होत नाही. घाई कोणाला आहे?"

"मला आहे! जून माझ्या दारात येऊन उभा आहे!"

"मग गुरुवारी या."

त्या दिवशी मी ठरवलं. प्रत्येक माणसाची एक नस असते. ती सापडली की समोरचा भाव खाली आणतोच. या बाईची नस शोधायची. सुलभामावशींना आडून आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सहा दिवस बाई शाळेच्या. रविवारी मात्र माझ्यासकट कोणाला सापडत नाहीत. मालाडला जातात एवढं ठाऊक. काय करतात, ते विचारायची सोय नाही."

मालाड! माझं डोकं धावायला लागलं. तिकडे दुसरी शाळा काढतात की काय? मोठ्या लोकांच्या मुलांच्या गुपचूप शिकवण्या घेतात की काय? बाहेर उपदेश आणि आत धंदा, असं मी पुष्कळ पाहिलं आहे. रविवारी सकाळी बाई बसमध्ये चढल्या, तशी मी स्कूटर काढली.

बसच्या मागे स्कूटरने जाणं हे सोपं काम नाही. प्रत्येक स्टॉपवर थांबायचं आणि पानाच्या टपरीकडे बघत उभं राहायचं. पवईवरून जोगेश्वरीपर्यंत मी असा किती वेळा थांबलो देव जाणे. तिथे बाई उतरल्या, रिक्षा केली. मालाडच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत रिक्षा थांबली आणि बाई पांढऱ्या शूजनी गटार ओलांडून आत गेल्या.

शाळा नव्हती. गॅरेज होतं. मोटारसायकली दुरुस्त करायचं, दोन गाळ्यांचं, काळंकुट्ट. मी समोरच्या टायरवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो.

बाई एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर कार्ब्युरेटरचे सुटे भाग. समोर उकिडवा बसलेला मेकॅनिक चाळिशी ओलांडलेला, जाड भुवयांचा, बाईंसारख्याच काडीच्या अंगाचा. हा कोण, ते मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"ही सुई," तो म्हणाला. "वरून घालायची. हळू."

बाईंनी घातली.

"आता स्प्रिंग. बसली की बोटाला कळतं."

बाईंनी स्प्रिंग बसवली. चेहरा असा, की पहिलीच्या मुलीला कोणीतरी फळ्यासमोर बोलावलं आहे. इकडे मी दम धरून उभा. नुसतं बघायचं, एवढंच आपलं काम, असं स्वतःला बजावत होतो, पण मनात चाललं होतं, बाई, बोलू नका हं. काही बोलू नका.

"आता हे झाकण," तो म्हणाला आणि स्क्रू पुढे केला.

"अजित, आधी हात पूस रे," बाई म्हणाल्या. "किती काळे झालेत. याच हातांनी चहा पितोस."

तो चिडला पण नाही. त्याने फडकं घेतलं, एकेक बोट नीट पुसलं, आणि उठून एका गिऱ्हाइकाच्या गाडीकडे गेला. परत आला नाही.

बाई तशाच बसून राहिल्या. स्क्रू वर्तमानपत्रावर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. खूप वेळाने मान वर केली आणि त्यांना मी दिसलो. मला वाटलं, आता ओरडतील. मीच ओरडायच्या तयारीत होतो, सवयीने.

"परब," त्या म्हणाल्या, "आलात का? बसा. स्टूल एकच आहे, त्या टायरवर बसा."

मी बसलो.

"माझा मुलगा. अजित," त्या म्हणाल्या. "सुलभाने तुम्हाला सांगितलं असेल, शाळा दोन मुलांपासून सुरू झाली. तिला एवढंच माहीत आहे. पहिला हा. तेव्हा शाळा नव्हती, नुसती मीच होते. याला आकडे समजायचे नाहीत. घरातला मिक्सर मात्र डोळे मिटून खोलायचा आणि लावायचा. मी मिक्सरचे स्क्रू लपवून ठेवायची, आधी गणित कर म्हणायची. बारा वर्षं शिकवलं मी याला. याच्याकडून एकदाही काही शिकले नाही. दहावीला बसला, त्यानंतर घरात बसला नाही."

"येतात का घरी?"

"नाही. मी येते. चार वर्षांपूर्वी म्हटलं, मला कार्ब्युरेटर शिकव. शिकवतो म्हणाला. पण मी मध्येच काही बोलले की उठून जातो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी नीट केली. "झाकणापर्यंत मी नेहमी पोचते. मग माझ्या तोंडून काहीतरी निघतं. हात पूस. नीट बस. जेवलास का? तुम्हाला खोटं वाटेल, परब, ते बाहेर पडेपर्यंत मला ऐकूही येत नाही."

खोटं कशाला वाटेल? पण माझा राग इतक्यात उतरणारा नव्हता. "बाई, तुम्हाला स्वतःला चार वर्षं जमलं नाही. मग आम्हाला का छळता?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची आठ वर्षांची आहे, परब. माझा बेचाळीसचा झाला."

मी नस शोधायला आलो होतो. नस हातात आली होती. मी उठलो, स्कूटर सुरू केली आणि घरी आलो. रेश्माने विचारलं, कुठे गेला होतात? मी म्हणालो, माल बघायला.

चौथा गुरुवार. आधीच सांगतो, या वेळी खरी अडचण बाईंची नव्हती. सायली चटईवर बसली, पिशवी मांडीवर ठेवली आणि उघडेचना.

"तुला काय छान येतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," सायली म्हणाली. "वळेसर बाबांना येतो."

बाहेर जिन्यावर कोणीतरी पाचचा पाढा उतरत होतं, तो खालपर्यंत पोचला. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. आईस्क्रीमचं आलं, सायकलचं आलं, सौद्याचीच सगळी. एकही बाहेर पडलं नाही. का पडलं नाही ते सांगतो पुढे.

बऱ्याच वेळाने सायली म्हणाली, "पण बाबा बघून करतात."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मी बघत नाही. बघितलं की फुलं हलतात, अक्षरांसारखी. मी बोटांना विचारते." तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, डोळे मिटा."

मी मिटले.

तिने माझ्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला. माझ्या चिमटीत देठ ठेवले. "आता कोणता जाड लागतो? तो खाली. नाही, तो नाही. परत विचारा." मी परत विचारलं. खिळे आणि स्क्रू हाताळून माझी बोटं राठ झालेली, त्यांना देठ कळतच नव्हते. फूल चुरगळलं. दुसरं चुरगळलं. दोरा सुटला. तिने माझा अंगठा धरून परत वेढा घातला. आठ वर्षं ही पोरगी माझ्या घरात होती आणि वही समोर आली की तिला काय होतं ते मला पहिल्यांदा कळत होतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. घड्याळ बाईंच्या मनगटाच्या आत होतं आणि माझे डोळे मिटलेले होते.

"उघडा," सायली म्हणाली.

बोटभर वळेसर झाला होता. वाकडा, अर्धी फुलं उलटी. मला आलं म्हणता येणार नाही. सायली तो हातात धरून हसत होती. "अजून नाही येत बाबांना," ती बाईंना मोठ्या खुशीत म्हणाली. "मला खूप दिवस शिकवावं लागेल."

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. "डबा आण. दप्तर आणलं नाहीस तरी चालेल." सायली उड्या मारत झोपाळ्याकडे पळाली.

मी उठायला लागलो, तर बाई माझ्या शेजारी चटईवर बसल्या. आवाज खाली करून विचारलं, "परब, एक सांगा. फुलं चुरगळत होती, दोरा सुटत होता. तुम्ही तोंड बंद कसं ठेवलंत?"

मी तोंडातून सुपारी काढून दाखवली. आख्खी. "दाढेखाली धरली होती. बोलायला गेलो की निसटते, तेवढ्यात आठवण होते."

बाई त्या सुपारीकडे मन लावून बघत राहिल्या. "मला कवळी आहे," त्या म्हणाल्या. "सुपारी धरता येणार नाही. रविवार तर तीन दिवसांवर आला." थोडा वेळ विचार केला. "खडीसाखर चालेल?"

"चालेल की. चावायची मात्र नाही."

"नाही चावणार." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण परब, ती विरघळते. झाकण बसायच्या आधीच विरघळली तर?"

"तर दुसरा खडा ठेवायचा, बाई," मी म्हणालो. "चांगले मूठभर घेऊन जा."